पोशाख नको, पात्र हवे

पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा गेम २०२४मध्ये आला आणि भारतीय गेमला स्वतःचा चेहरा मिळाला, असे बोलले जाऊ लागले. मला त्यात चेहरा दिसत नाही, पोशाख दिसतात. सिंधू संस्कृतीच्या खुणा ल्यालेले योद्धे मैदानात उतरतात, एकमेकांना टिपतात आणि खेळणाऱ्याच्या लक्षात राहतो तो स्वतःचा क्रमांक. ‘पबजी’वर २०२०मध्ये भारतात बंदी आली, २०२१मध्ये त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ आला. मधल्या काळात पोरांना आठवण येत होती ती सोबत्यांची, कुठल्या पात्राची नव्हे. कथेसाठी नावाजलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमचे कौतुकही पुरे झाले, तो मनाने चित्रपटच आहे. गेममुळे मुले बिघडतात, ही ओरड तर जुनीच. गेम खेळणाऱ्याकडून काय मागतो, हा खरा प्रश्न आहे.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने ‘राजी’मध्ये (२०२०) त्याचे अर्धे उत्तर दिले. २०१७ची लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी या लहान स्टुडिओने गेम तडीस नेला. राजी राजकन्या नाही. ती कसरतीचे खेळ करून पोट भरणारी पोरगी आहे आणि असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू तिला शोधायचा आहे. भिंतीवर धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे हे तिचे पोटापाण्याचे कसबच तिचे शस्त्र होते. म्हणून ती कोण आहे, हे संवादाआधी खेळणाऱ्याच्या बोटांना कळते. पण वाट एकच आहे. विष्णू आणि दुर्गा तिच्याविषयी बोलत राहतात, तिने काय करायचे ते आधीच ठरलेले असते. खेळणाऱ्याला राजीची काळजी वाटते. जबाबदारी वाटत नाही.

जबाबदारी कशी वाटते, ते लुकास पोपच्या ‘पेपर्स, प्लीज’ने २०१३मध्येच दाखवले. नायक सीमेवरचा तपासनीस. जितके प्रवासी अचूक तपासाल तितकी मजुरी, चुका वाढल्या की दंड. रात्री भाडे वजा झाले की जेवण, ऊब आणि औषध यांतले काय परवडते ते ठरवायचे. एका नवऱ्याला आत सोडले की मागून त्याची बायको येते, तिचे कागद अपुरे असतात. तिला परत पाठवणारा हात आपला असतो. काही वेळाने समोर माणसे दिसेनाशी होतात, नुसते कागद दिसतात. यंत्रणा माणसाला कशी घडवते, हे कादंबरी सांगू शकते. करून पाहायला गेमच लावतो.

मग असा गेम आपल्याकडे का होत नाही? पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. पोपने तो जवळजवळ एकट्याने केला. दमलेल्या माणसाला विरंगुळा हवा, हेही पटत नाही. दिवसभर राबलेल्यांसाठीच तमाशा उभा राहायचा आणि त्याचा वग सत्तेला प्रश्न विचारायचा. नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६मध्ये आले, त्यात कामगार कवितेतून बोलला. आपले नावाजलेले गेम मात्र बहुतेक देव आणि योद्धे यांतच रमतात. स्टुडिओ पुण्यात आहेत आणि शेजारी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत तीन पाळ्यांत कारखान्यांची लाइन चालते. तिथल्या कंत्राटी पोराच्या जगण्यात नियम, वेळ, टार्गेट, दंड सगळे आहे. गेमला लागणारे दुसरे काय असते? सलग नोकरीचे कायदेशीर संरक्षण लागू होऊ नये म्हणून २४० दिवस भरण्याआधी ठेकेदार ‘ब्रेक’ देतो, हे त्याला ठाऊक असते. आजारी सोबत्याची जागा भरायला डबल पाळी करायची, की नकार देऊन पुढच्या यादीतून नाव गमावायचे? हा निर्णय खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर येऊ द्या. रात्रपाळीची बस पकडताना मोबाइलवर योद्धा होणाऱ्या त्या पोराला नवा पोशाख पुष्कळांनी विकला. त्याचे स्वतःचे पात्र त्याला अजून कोणी दिलेले नाही, आणि ते देणे पुण्याच्या स्टुडिओंचे कर्तव्य आहे.