मन रमविणाऱ्या तीन कादंबऱ्या

आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने गेल्या आगमनकाळात आम्हांला विचारले, "फादर, संतांची चरित्रं पुष्कळ वाचली. आता मन रमेल अशी एखादी कादंबरी सांगा ना." विचारताना तिचा स्वर किंचित अपराधी होता, जणू ती कन्फेशनच्या जाळीआडून बोलत होती. ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांच्या सूचीचे कायदेशीर बळ १९६६ सालीच काढून घेतले. आपल्या घराघरांतून मात्र ती सूची अलिखित स्वरूपात अजून चालू आहे. आमच्या सेमिनरीच्या दिवसांतही कादंबरी म्हणजे सुटीत वाचावयाची वस्तू, असाच समज होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जुलै महिन्यात साहित्यवाचनावर एक पत्र लिहिले. १९६४-६५ साली ते अर्जेंटिनात शाळेत साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात जुने वीरकाव्य होते. मुलांना हवा होता लोर्का. तेव्हा वीरकाव्य घरी वाचा, वर्गात तुमच्या आवडीच्या लेखकांविषयी बोलू, असा तोडगा त्यांनी काढला. रुचीला मान देणारा हा शिक्षक आम्हांला फार आवडला. म्हणून त्या माउलीला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

पहिली शिफारस जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' या कादंबरीची. मूळ इंग्रजी पुस्तक २०१२ चे. त्याला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शांता गोखले यांनी ते 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणले आहे. माहीममधील लहानशा घरात राहणारे हे गोवेकर कॅथलिक कुटुंब: आई, वडील, मुलगी आणि कथा सांगणारा मुलगा. आई इमेल्डा, मुलांची 'एम', मनोरुग्ण आहे. कधी उत्साहाच्या भरात तिची जीभ थांबत नाही, कधी ती काळोखात बुडते आणि स्वतःच्या जिवावर उठते.

यात मन रमण्यासारखे काय, असे कोणी विचारील. उत्तर एमच्या जिभेत आहे. ही बाई बिड्या ओढते, पोटच्या मुलांशी नको त्या विषयांवर बोलते, थट्टेतून कोणालाही वगळत नाही. आम्ही ही कादंबरी एका बैठकीत वाचली आणि कितीतरी ठिकाणी मोठ्याने हसलो. पण हसू ओसरले की त्याच पानावर मुलाची भीती उभी असते: आईचे हे दुखणे आपल्याही रक्तात असेल काय? लेखक ही भीती रंगवून सांगत नाही, आणि आईला देवमाणूसही करीत नाही. वडिलांच्या बाबतीत मात्र त्याचा हात सैल सुटला आहे असे आमचे मत. हा सोशिक, अबोल गृहस्थ एकदा तरी संतापून घराबाहेर पडला असता, तर अधिक खरा वाटला असता.

कथा सांगणाऱ्या मुलाची श्रद्धा हळूहळू गळून जाते. एका वाचकाने याच कारणास्तव पुस्तक आमच्या टेबलावर आणून ठेवले. "फादर, हे ग्रंथालयात शोभत नाही." आम्हांला तसे वाटत नाही. आईच्या खाटेशी रात्री जागवलेल्या मुलाचा देवावरचा रुसवा आम्हांला पुष्कळ जपमाळांइतका गंभीर वाटला. शिवाय कबूल करावयास हवे की, अशा घरांत आम्ही स्वतः गेलो आहोत, आणि "प्रार्थना वाढवा" एवढेच सांगून, चहा घेऊन परतलो आहोत. आपल्या समाजात मधुमेहासाठी मिस्सा मागितली जाते. या दुखण्यासाठी मागताना 'विशेष हेतू' असे लिहितात. ते दोन शब्द वेदीवरून किती वेळा वाचले, याचा हिशेब या पुस्तकाने आमच्याकडे मागितला.

दुसरी कादंबरी दूरदेशची, मॅरिलिन रॉबिन्सन यांची 'गिलियड'. २००४ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९५६ साल, अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एक गाव, आणि हृदय थकलेला शहात्तर वर्षांचा प्रोटेस्टंट पाळक जॉन एम्स. उतारवयात झालेला त्याचा मुलगा सात वर्षांचाही नाही. तो मोठा झाल्यावर वाचील म्हणून बाप पत्र लिहीत बसला आहे. सारी कादंबरी म्हणजे ते पत्र. घटना थोड्या, गती संथ. पहिल्या पन्नास पानांत पुष्कळांना डुलकी येईल. पण ज्याला त्याने स्वतः बाप्तिस्मा दिला, तो मित्राचा वाया गेलेला मुलगा गावी परततो, आणि आयुष्यभर क्षमेवर बोललेल्या या पाळकाला क्षमा करणे जड जाते. त्या पुढची पाने खाली ठेववत नाहीत. माळ्यावर पडलेल्या जुन्या प्रवचनांच्या पेट्यांचे काय करावे, हीही एम्सची एक चिंता. आमच्याही कपाटाचा खालचा कप्पा तसल्याच वह्यांनी भरलेला आहे. तेव्हा या प्रकरणी आम्ही निःपक्षपाती नाही.

तिसरी, कृष्णात खोत यांची 'रिंगाण', २०२३ ची साहित्य अकादमी विजेती. धरणापायी गाव उठले, एक म्हैस मागे रानात राहिली. तिला परत आणावयास माणूस जातो तो ती रानटी झालेली. पन्हाळ्याकडची बोली आरंभी अडखळविते, म्हणून मोठ्याने वाचावी. घरातील म्हाताऱ्यांना ऐकविल्यास आणखी उत्तम. जमिनीबरोबर माणसाचे काय काय जाते, हे आपल्या वाडीकऱ्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

त्या माउलीने पहिली कादंबरीच नेली. दोन महिने झाले, पुस्तक परत आलेले नाही. धाकट्या जावेने वाचावयास घेतले आहे, असा निरोप तेवढा आला. ग्रंथालयात त्याची ती एकच प्रत. दुसरी मागविली आहे. तोवर 'रिंगाण' रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मिळेल. 'गिलियड' आमच्या खोलीत आहे, दार वाजवावे.