एका घरातील दोन भाषा : दोन कादंबऱ्या वाचताना

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) या दोन कादंबऱ्या अलीकडे पाठोपाठ वाचण्याचा योग आला. दोहोंत चार दशकांचे अंतर आहे. तरीही दोहोंना सरसकट ‘वऱ्हाडी कादंबरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे विशेषण सोयीचे असले तरी त्याने बराच तपशील झाकला जातो.

प्रथम बोलीचाच प्रश्न घेऊ. ‘धग’ची बोली अमरावतीकडची. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ ही तिकडील वऱ्हाडीची परिचित लक्षणे. देशमुख हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूरचे. अमडापूर, उंद्री हा टापू घाटावरचा. पूर्णेच्या खोऱ्यातून घाट चढून जालन्याच्या दिशेने जावे, तसतशी बोली मराठवाड्याचे वळण घेऊ लागते. नकाशावर वऱ्हाड एक असले, तरी कानाला ते एक लागत नाही. उंद्रीच्या वाचकाला ‘बारोमास’मधील बोलणे घरचे वाटेल, ‘धग’मधील बोलणे फार तर सोयऱ्यांकडचे वाटेल.

परंतु माझ्या मनावर ठसला तो फरक याहून खोल आहे. ‘धग’मधील कौतिकचा संसार दारिद्र्याने पोळलेला आहे. कर्तेपण नसलेला नवरा महादेव, त्याचे आजारपण, मुलांचे पोट, या सर्वांशी ती एकटी झुंजते. पण या घरात भाषा एकच आहे. भांडण, आर्जव, शिवी आणि माया ही सारी एकाच बोलीतून येतात. कौतिकचे बोलणे घरात कोणाला कळत नाही, असे कधी होत नाही. तिचे दुःख न समजल्याचे नाही; समजूनही कोणाला काही करता येत नाही, याचे आहे.

‘बारोमास’मधील घर शेतकऱ्याचे. थोरला एकनाथ उच्चशिक्षित आणि बेकार. नोकरीसाठी पैसा हवा, आणि पैशाला वाट एकच, ती म्हणजे जमीन. वडील सुभानराव, धाकटा मधू, शहरी वळणाची पत्नी अलका या प्रत्येकाचे जमिनीशी नाते निराळे आहे. येथे शिक्षणाने घरात दुसरी भाषा आणून ठेवली आहे. एकनाथ ज्या भाषेत विचार करतो ती पुस्तकांची, आणि बापाशी ज्या मातीविषयी बोलायचे ती बोलीतली. दोन्ही भाषा येत असूनही कोणत्याच भाषेत त्याचे घर वसत नाही. शेतीच्या अरिष्टाचे इतके अंतर्गत चित्रण मराठीत विरळा.

या गुणाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एकनाथचे चिंतन काही ठिकाणी लेखासारखे पसरते, आणि पात्राच्या तोंडून लेखकच बोलतो की काय, अशी शंका येते. शेळके यांचा संयम तेथे आठवतो. मात्र २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीचे मोल त्यामुळे फारसे उणावत नाही.

कादंबरीतील बोलीचा अभ्यास आपल्याकडे पुष्कळदा शब्दसूचीपाशी थांबतो. कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत बोलतो आणि कोठे गप्प होतो, हे पाहिल्याखेरीज तो अभ्यास अपुरा आहे. बोलीला ‘प्रादेशिक रंग’ मानणारा वाचक सुभानराव आणि एकनाथ यांच्यामधले अंतर पाहूच शकणार नाही. आणि त्या अंतरातच ‘बारोमास’ची शोकांतिका आहे.