पसाय आणि आशीर्वाद

पसायदान म्हणजे ज्ञानेश्वरांनीं जगास दिलेला आशीर्वाद, असें सभासमारंभांतून वारंवार सांगण्यांत येतें. हेतु चांगला, अर्थ मात्र उलटा होतो. आशीर्वाद वडिलांनीं द्यावयाचा असतो. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें ग्रंथ पुरा करितांना ज्ञानदेव देत नाहींत, मागत आहेत. ज्या राजवाड्यांनीं १९०९ मध्यें ज्ञानेश्वरीच्या भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, ते १९२६ मध्यें धुळ्यासच निवर्तले. निदान या गांवीं तरी असा अर्थ चालूं नये.

'पसाय' हें संस्कृत 'प्रसादा'चें प्राकृतांतून आलेलें रूप. 'प्र'चा 'प' झाला, दोन स्वरांमधला 'द' गळला व त्याच्या जागीं 'य' आला. 'पादा'चा 'पाय' झाला तो याच वाटेनें. नवव्या, म्हणजे शेवटच्या ओवींत हाच शब्द 'पसावो' असा येतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तेथें यमकाची सोय आहे हें खरें. पण चतुर्थांशाच्या अर्थीं त्याच 'पादा'चा आपण 'पाव' केला आहे, तेव्हां हें रूप ओढूनताणून आणलेलें नव्हे. पहिल्या ओवींत पसाय मागितला, शेवटच्या ओवींत तो मिळेल असें वचन आलें आणि त्या वरानें ज्ञानदेव सुखी झाला. वर ज्यास मिळाला त्यासच आपण वर देणारा ठरवितों! ओंजळीचा 'पसा'ही यांत शिरवूं नये. मागणाऱ्याचे हात त्यानें डोळ्यांपुढें येतात, परंतु तो 'प्रसृता'पासून आलेला निराळा शब्द आहे.

'आशिस्' म्हणजे शुभेच्छा. ती बोलून दाखविणें तो आशीर्वाद. (लग्नपत्रिकांतून त्यांतली 'शी' ऱ्हस्व छापतात, तें दुःख येथें नको.) लॅटिन शब्दांतही चांगलें बोलणेंच आहे, इंग्रजी 'ब्लेस'च्या मुळाशीं रक्ताची खूण आहे. 'प्रसादां'त बोलणें नाहीं. सद् म्हणजे बसणें. गाळ बसून पाणी निवळणें हा प्रसाद. आमच्या देवपुरांत श्रावणांतलें पांझरेचें गढूळ पाणी ज्यानें तुरटी फिरवून ठेविलें असेल, त्यास 'प्रसन्न' शब्दासाठीं कोश उघडावा लागत नाहीं. काव्यांतला प्रसादगुण तोच. देवळांत हातावर पडणारी खडीसाखरही मूळ देवाच्या प्रसन्नतेची.

म्हणूनच कवि आधीं देवानें वाग्यज्ञानें संतुष्ट व्हावें असें म्हणतो, आणि मग मागतो. मागणें काय, तर दुष्टांचा नाश नव्हे. त्यांचा वांकडेपणा जावा व त्यांस सत्कर्माची गोडी लागावी. गाळ तेवढा खालीं बसावा, पाणी राहावें, अशीच ही मागणी आहे.