उपचारात्मक वर्ग : उपचार कोणावर?

आपल्या महाविद्यालयांत ‘उपचारात्मक अध्यापन वर्ग’ नावाची एक खोली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने पंचवार्षिक योजनांच्या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या, पुढे इतर मागास व अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठीही ‘रेमेडियल कोचिंग’ची योजना राबवली, तिचे हे मराठी नाव. योजनेचा पैसा आटला तरी पुष्कळ ठिकाणी खोली राहिली, पाटी राहिली आणि शब्दही राहिला. या शब्दाची चिकित्सा आपण केली पाहिजे. उपचार रोग्यावर होतो. म्हणजे त्या उंबरठ्याशी आलेला विद्यार्थी आत येण्याआधीच रोगी ठरलेला असतो. त्याच्या वस्तीतली शाळा, एका खोलीत चार वर्ग बसवणारी व्यवस्था, पुस्तकातली परकी भाषा, यांपैकी कशालाच रोग म्हटले जात नाही.

घरातला पहिला पदवीधर म्हणून मी या शब्दाखाली शिकलो, आणि आज सहा वर्षे अशीच खोली सांभाळतो. बौद्ध, मातंग, पारधी, भिल्ल घरांतली मुले-मुली येथे येतात. त्यांच्यातच कोणी कुबड्यांवर येतो, कोणाला फळा दिसत नाही, कोणी तोंडी चोख उत्तर देतो पण चार ओळी वाचताना घामाघूम होतो, कोणाला पंखा आणि दहाजणांची कुजबुज एकत्र आली की बसवतच नाही. कार्यालयाच्या नोंदवहीत जातीचा रकाना वेगळा आणि अपंगत्वाचा रकाना वेगळा असतो. माणूस एकच असतो.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, हा दुसरा प्रश्न आहे. तो मिसळला तर आपला लढा पातळ होईल. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. ‘समान संधी केंद्र’ अशी एकच पाटी लावून तिच्याखाली आपल्या मुलांच्या हक्काचे तास हळूच गिळले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पण म्हणून प्रश्न दुसरा ठरत नाही.

१९७६ साली ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेने मांडले की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. अपंगत्व समाज लादतो. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. १९२० साली बाबासाहेबांनी आपल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ते ज्यांचे नायक, ती माणसे जन्मतः मुकी नव्हती, मुकी केली गेली होती. महाडच्या तळ्यात पाणी होते आणि माणसांना तहान होती. मधली आडकाठी समाजाची होती. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, आणि ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले.

कागदावर खुले आणि पायाला बंद, हा प्रकार म्हणूनच आपल्या ओळखीचा आहे. अपंगांसाठी १९९५ चा कायदा झाला, मग २०१६ चा झाला. नव्या कायद्याने अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मानले, स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता त्यांत आल्या, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आल्या. पण इमारतींविषयी कायद्याने जे सक्तीचे केले, ते नियमांनी सल्ल्याच्या भाषेत उतरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात तो नियम याच कारणाने रद्द ठरवला. ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करावे’ यांतला फरक व्याकरणाचा नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आमच्याच इमारतीचे पाहा. जोते दोन फूट उंच आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी, या मान्य प्रमाणाने उतार चोवीस फुटांचा हवा. बांधलेला उतार सात फुटांत संपतो. तपासणी समिती आली तेव्हा त्याचा फोटो निघाला. चाकाची खुर्ची त्यावरून चढत नाही. कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली मात्र सुखाने चढतात. आणि उतार नीट झाला तरी शिकवणीची खोली पहिल्या मजल्यावरच! तळमजला मिळावा म्हणून तीन अर्ज दिले. तळमजल्यावर सध्या जुनी बाके ठेवली आहेत.

पण उताराचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसतो. वाचनाचा दिसत नाही, म्हणून त्यावर अधिक बोलतो. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, उच्चारात उलट. एकट्या ‘र’ची रूपे घ्या : सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलाची येथे पावलोपावली अडखळ होते. त्याच्या शेजारचा मुलगा ‘पानी’ लिहितो, कारण त्याच्या आईच्या तोंडी तोच शब्द आहे. दोघांच्या वह्यांवर लाल शाईचा गोल सारखाच आणि शेरा एकच : अशुद्ध. हा शब्द आपल्याला कुठून ठाऊक आहे ते सांगण्याची गरज नाही. एकाची अडचण त्याच्या जातीची ‘मठ्ठपणा’ म्हणून खपते, दुसऱ्याची भाषा दोष म्हणून.

महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत. परंतु सवलतीला प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्राला तपासणी हवी. मराठीतून तपासण्याचे साधन राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली काढले, तेही प्राथमिक वर्गांतल्या मुलांसाठी. जो विसाव्या वर्षी माझ्यासमोर बसतो त्याला ते कोठे गाठणार? लक्ष टिकत नाही अशांचा तर एकवीसांच्या यादीत नावाने उल्लेखही नाही. लेखनिक मागणाऱ्याला चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्राअभावी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. परीक्षा विभागात मात्र अजून टक्केच विचारतात.

म्हणून आमच्या खोलीत आम्ही प्रमाणपत्र विचारणे बंद केले. जो येईल त्याला पहिल्यांदा विचारतो : मी वाचू, की तू बोलतोस आणि मी लिहू? पुढच्या अर्ध्या तासात काय करायचे ते चार ओळींत कागदावर लिहून समोर ठेवतो. एक कोपरा पंख्यापासून दूर, भिंतीकडे तोंड करून. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलली. लाल शाई नाही. यांतल्या कशालाच अनुदान लागले नाही. आणि कोणासाठी काय केले याचा हिशेबही लागत नाही, कारण कागदावरच्या त्या चार ओळी ‘पानी’ लिहिणाऱ्यालाही हव्या असतात.

शब्दांविषयी थोडेसे. २०१५ च्या अखेरीस ‘दिव्यांग’ हा शब्द वरून आला. ‘हरिजन’ या नावाला बाबासाहेबांनी कायदेमंडळात विरोध केला होता, हे ज्यांना आठवते त्यांना या शब्दातली मेख कळेल. देवत्व द्यायचे आणि जिना तसाच ठेवायचा! मी ‘अपंग’ लिहितो. उद्या त्या विद्यार्थ्यांनी स्वतः दुसरा शब्द घडवला तर तो वापरीन.

पण बोट बाहेरच दाखवून चालणार नाही. ‘आंधळी व्यवस्था’, ‘बहिरे सरकार’, ‘पांगळी लोकशाही’ या आपल्या भाषणांतल्या नित्याच्या प्रतिमा आहेत. जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकावर मी बोलत होतो, तेव्हा एका अंध विद्यार्थिनीने विचारले, “सर, शिक्षण म्हणजे तिसरा डोळा, तर माझा तो कितवा?” वर्ग हसला, तीही हसली. मला वाटते, आपल्या समीक्षेने हा प्रश्न घ्यायला हवा.

तिला दलित नियतकालिकांवर प्रकल्प करायचा आहे. संगणक वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली फुकट मिळते, मराठीही वाचते. परंतु आपले जुने अंक जेथे जतन झाले आहेत तेथे ते पानांच्या छायाचित्रांच्या रूपात आहेत. तिच्यासाठी ते पान कोरे. नंतरच्या काळातले बरेचसे ‘श्री-लिपी’सारख्या टंकात आहेत. डोळ्याला ते मराठी दिसते, यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. कानावर नुसता कलकलाट येतो. हे अंक युनिकोडमध्ये पुन्हा बसवावे लागतील. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी यंत्रे आहेत, पण जोडाक्षरांत ती चुकतात. प्रत्येक पान माणसाने ताडून पाहावे लागते. एका अंकाला दहाजण लागले तर वाट्याला फार पाने येत नाहीत. आमच्या खोलीत दोन संगणक आहेत, आणि शनिवारी दुपारी ते रिकामे असतात.