न वाचलेले प्रकरण : कासिम अमीन यांचा ग्रंथ आणि अरब स्त्रीप्रश्नाची चिकित्सा

अरब समाजातील स्त्रीच्या स्थितीविषयी लिहावयास घेतले की लेखणी आपोआप पडद्याकडे वळते. समर्थक असो वा विरोधक, दोघांच्याही विवेचनाचा आरंभ तेथूनच होतो. पडदा डोळ्यांना दिसतो, त्याचे छायाचित्र काढता येते. तलाकचा उच्चार घराच्या चार भिंतींत विरून जातो. चर्चेचा हा कल कोठून आला, याचा शोध घेऊ लागल्यास इजिप्तमधील एका ग्रंथाशी येऊन थांबावे लागते. हा ग्रंथ म्हणजे कासिम अमीन यांचा १८९९ साली कैरो येथे प्रकाशित झालेला ‘तहरीर अल्-मरआ’, अर्थात ‘स्त्रीची मुक्ती’. अरब स्त्रीप्रश्नाच्या आधुनिक चर्चेचा आद्यग्रंथ म्हणून त्याचा नेहमी उल्लेख होतो. परंतु तो संपूर्ण वाचला गेला आहे काय, याविषयी प्रस्तुत अभ्यासकाला शंका आहे. सदर लेखात या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणाकडे, म्हणजे कुटुंब, बहुपत्नीत्व व तलाक यांविषयीच्या भागाकडे लक्ष वेधावयाचे आहे. प्रस्तुत अभ्यासकास अरबी भाषा अवगत नसल्यामुळे येथील विवेचन इंग्रजी अनुवादावर आधारलेले आहे, ही मर्यादा प्रथमच नमूद केलेली बरी.

कासिम अमीन (१८६३–१९०८) हे व्यवसायाने न्यायाधीश. फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. एका फ्रेंच सरदाराने इजिप्शियन समाजाची निंदा करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा १८९४ मध्ये अमीन यांनी त्यास फ्रेंच भाषेतूनच उत्तर दिले आणि त्या उत्तरात आपल्या समाजातील स्त्रियांच्या पडदानशीन जीवनाचे समर्थन केले. पाचच वर्षांनी त्यांची भूमिका पालटली. ‘तहरीर’मध्ये त्यांनी स्त्रियांना किमान प्राथमिक शिक्षण मिळावे, चेहरा व हात झाकण्याची सक्ती धर्मशास्त्रात नाही आणि विवाहविषयक कायद्यात सुधारणा व्हावी, अशी मांडणी केली. ग्रंथ प्रसिद्ध होताच गदारोळ उठला. पुढे ‘बँक मिस्र’चे संस्थापक म्हणून ख्यातनाम झालेले तलअत हर्ब यांनी त्याच वर्षी खंडनपर पुस्तक लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच शिक्षणाबरोबर हिजाबचा निर्देश होता. अमीन यांनी १९०० साली ‘अल्-मरआ अल्-जदीदा’ हा दुसरा ग्रंथ लिहून टीकाकारांना उत्तर दिले. परंतु तोवर वादाचा विषय निश्चित झालेला होता.

या ग्रंथाची आजवर झालेली सर्वांत भेदक चिकित्सा लैला अहमद यांची आहे. ‘विमेन अँड जेंडर इन इस्लाम’ (१९९२) या ग्रंथात त्यांनी अमीन यांना स्त्रीमुक्तीचे जनक मानण्याची परंपराच उलटी केली. त्यांच्या मते, अमीन यांनी वसाहतवाद्यांचा दृष्टिकोन जसाच्या तसा स्वीकारला. इस्लामी समाज मागास आहे, त्याच्या मागासलेपणाची खूण म्हणजे पडदा आणि म्हणून पडदा काढणे म्हणजे प्रगती, हा तो दृष्टिकोन. इजिप्तवर प्रत्यक्ष सत्ता गाजविणारे लॉर्ड क्रोमर हे त्याचे प्रमुख प्रवक्ते. या क्रोमरसाहेबांचे उदाहरण लैला अहमद यांनी मोठ्या मार्मिकतेने दिले आहे. इजिप्तमधील स्त्रीच्या दुरवस्थेविषयी हळहळणाऱ्या या गृहस्थांनी तेथील सरकारी शाळांची फी वाढविली आणि मायदेशी परतल्यावर स्त्रियांच्या मताधिकारास विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले! अमीन यांच्या लेखनातील इजिप्शियन स्त्रीविषयीच्या तुच्छतेवरही त्यांनी बोट ठेवले आहे. ही तुच्छता ग्रंथात आहे, यात वाद नाही. स्वयंपाकघर, शेजार आणि नवऱ्याच्या तक्रारी यांपलीकडे जिचे विश्व नाही अशी अडाणी बायको अमीन रंगवितात, तेव्हा त्यांच्यातील न्यायाधीशापेक्षा असंतुष्ट पतीच अधिक बोलत असतो. स्त्रीला शिक्षण हवे ते का, तर ती चांगली माता व गृहिणी व्हावी म्हणून.

हे सर्व मान्य करूनही लैला अहमद यांच्या युक्तिवादातील एक दुवा दुबळा आहे, असे वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार शिक्षण, बहुपत्नीत्व व तलाक यांविषयीच्या अमीन यांच्या सूचनांत नवे काही नव्हते. १८७० नंतरच्या दशकांत रिफाआ अत्-तहतावी, मुहम्मद अब्दुह प्रभृतींनी त्या मांडल्या होत्या आणि त्यांवरून खळबळ उडाली नव्हती. खळबळ उडाली ती पडद्यावरून. ऐतिहासिकदृष्ट्या हे निरीक्षण योग्यच आहे. परंतु एखादी मागणी नवी नाही, याचा अर्थ ती निकालात निघाली असा होत नाही. खळबळ उडाली नाही याचे कारण ती सर्वमान्य होती हे, की ती कोणी मनावरच घेतली नव्हती हे, असा प्रश्न येथे विचारावयास हवा होता. तसा तो न विचारल्यामुळे अमीन यांचे विरोधक आणि त्यांच्या चिकित्सक लैला अहमद, दोघांच्याही दृष्टीसमोर मुख्यत्वे पडद्याचे प्रकरणच राहिले.

वस्तुतः शेवटचे प्रकरण हे या ग्रंथातील सर्वांत ठोस प्रकरण आहे. येथे उपदेशकाची भाषा मागे पडते आणि कायदेपंडिताची पुढे येते. कलमवार मसुदाच अमीन यांनी वाचकांसमोर ठेवला आहे. पत्नीला तलाक देऊ इच्छिणाऱ्या पुरुषाने काझी अथवा नोंदणी अधिकाऱ्यापुढे उपस्थित राहावे. त्याने त्यास तलाक ही ईश्वराला अप्रिय गोष्ट असल्याचे समजावून सांगून एक आठवडा विचारास द्यावा. तरीही तो हट्ट सोडीत नसेल तर दोन्ही घराण्यांतून पंच नेमावेत. समेट न झाल्यास पंचांनी तसे लेखी कळवावे आणि मगच तलाकची अनुमती मिळावी. अधिकाऱ्यासमोर व दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत न झालेला, दस्तऐवज नसलेला तलाक ग्राह्य धरू नये. अंतिम अधिकार पुरुषाचाच राहतो, हे खरे. परंतु केवळ तोंडाने उच्चारलेल्या शब्दाची सत्ता येथे काढून घेतली आहे. पत्नीस स्वतःहून विभक्त होता यावे म्हणून अमीन दोन मार्ग सुचवितात. इजिप्तमध्ये प्रचलित असलेला हनफी पंथाचा नियम सोडून मालिकी पंथानुसार न्यायाधीशास विवाहविच्छेदाचा अधिकार द्यावा, हा एक. विवाहाच्या करारातच पत्नीला तलाकचा हक्क देणारी अट घालावी, हा दुसरा.

या मसुद्याचे पुढे काय झाले? १९२० व १९२९ च्या इजिप्शियन कायद्यांनी मालिकी मार्ग अंशतः स्वीकारला. पोटगी न देणारा, दीर्घकाळ परागंदा झालेला वा छळ करणारा पती असल्यास न्यायालयातून सुटका मिळू लागली. एका दमात उच्चारलेला तिहेरी तलाक हा एकच मानावा, असेही १९२९ च्या कायद्याने ठरविले. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला, त्या निकालपत्रात अन्य देशांच्या कायद्यांबरोबर या इजिप्शियन कायद्याचाही आधार आला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्यासमवेत मुंबईत मोर्चा काढणाऱ्या सात मुस्लिम महिलांची मागणीही तोंडी तलाक बंद व्हावा, हीच होती.) ट्युनिशियाने १३ ऑगस्ट १९५६ च्या कौटुंबिक संहितेत बहुपत्नीत्व बंद केले आणि न्यायालयाबाहेर घटस्फोट होऊच शकणार नाही, असा नियम केला. अमीन यांच्या मसुद्याच्याही पुढचे हे पाऊल होय. परंतु ज्या देशात तो मसुदा लिहिला गेला तेथे? जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सीसी यांनी, नोंदणीशिवाय दिलेला तोंडी तलाक अमान्य करण्याची सूचना जाहीर भाषणातून केली. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी अल्-अझहरच्या ज्येष्ठ विद्वानांच्या परिषदेने निर्णय दिला की आवश्यक अटी पूर्ण करणारा तोंडी तलाक वैधच आहे. पतीने त्याची नोंद करावी आणि न करणाऱ्यास शासनाने हवी तर शिक्षा द्यावी. १८९९ च्या मसुद्यातील शेवटचे कलम ११८ वर्षांनंतरही वादग्रस्तच होते. पडद्याच्या प्रकरणाची चर्चा मात्र या काळात अखंड चालू राहिली.

येथे अमीन यांची बाजू घेण्याचा हेतू नाही. त्यांच्या मसुद्यातही ज्या बाईविषयी तो लिहिला आहे, तिचे म्हणणे कोणी विचारलेले नाही. ते म्हणणे पुढील दशकात मलक हिफ्नी नासिफ (१८८६–१९१८) यांनी मांडले. ‘अल्-जरीदा’ या वृत्तपत्रातून ‘बाहिसत अल्-बादिया’ या टोपणनावाने त्यांनी केलेले लेखन १९१० मध्ये ‘अन्-निसाइयात’ या नावाने संकलित झाले. पुरुषाने आम्हांला झाकण्यात हुकूमशाही केली आणि आता उघडे करण्यातही तो हुकूमच देतो आहे, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. तत्काळ पडदा सोडण्यास त्यांचा विरोध होता, म्हणून काही अभ्यासकांनी त्यांना सनातनी ठरविले. हे वाचन अन्यायकारक आहे. रस्त्यावरील पुरुषांची वागणूक सुधारलेली नसताना आणि स्त्रीच्या हाती शिक्षण नसताना पडदा काढल्याने तिला काय मिळणार, असा त्यांचा व्यावहारिक प्रश्न होता. १९११ मध्ये हेलिओपोलिस येथील इजिप्शियन परिषदेपुढे त्यांनी मागण्या पाठविल्या. सर्व उच्च शिक्षण स्त्रियांना खुले करावे आणि मशिदीत त्यांना सार्वजनिक उपासनेसाठी जागा असावी, या त्यांतील प्रमुख. या मागण्या तेथे एका पुरुषाने वाचून दाखविल्या!

मलक यांच्या लेखनाचा खरा कस लागतो तो बहुपत्नीत्वावरील निबंधात. स्वतः त्यांचा विवाह फय्यूम येथील एका टोळीप्रमुखाशी झाला आणि त्याला आधीची पत्नी असल्याचे त्यांना विवाहानंतर कळले. निबंधात त्या स्वतःविषयी बोलत नाहीत. इतरांच्या घरांतील सवतींची दुःखे सांगतात. तलाक हा सवतीपेक्षा सोसण्यास सोपा, असे त्यांचे मत आहे. कारण एकात दुःखाबरोबर मोकळीक तरी आहे, दुसऱ्यात दुःखाबरोबर बंधन. अरबीत सवतीला ‘दर्रा’ म्हणतात आणि या शब्दाचा धातू इजा, अपाय या अर्थाचा आहे. त्याच धातूपासून ‘दरर’ हा शब्द बनतो आणि १९२९ च्या कायद्यात पत्नीला घटस्फोट मिळण्याचे कारण म्हणून हाच ‘दरर’ नमूद आहे. परंतु दर्रा आणणे म्हणजेच दरर, असे तो कायदा म्हणत नाही. ते म्हणावयास १९७९ साल उजाडावे लागले. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अध्यादेशाने आणलेल्या कायद्यात दुसरे लग्न हीच पहिल्या पत्नीस झालेली इजा मानली गेली. १९८५ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने तो कायदा कार्यपद्धतीच्या कारणावरून रद्द केला आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या कायद्याने इजा सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा पत्नीवर टाकली. भाषेने शेकडो वर्षांपूर्वी मान्य केलेली गोष्ट स्त्रीने न्यायालयात पुराव्यानिशी दाखवावी, अशी ही तऱ्हा. २००० च्या कायद्याने ‘खुल’ची वाट मोकळी केली. मेहेर परत करून व आर्थिक हक्क सोडून पतीच्या संमतीविना विभक्त होता येऊ लागले. सुटकेची किंमत कोणी मोजावयाची, हे त्यातही ठरलेलेच आहे.

विवाहाच्या करारातील अटीचा जो दुसरा मार्ग अमीन सुचवितात, त्याचे उत्तम उदाहरण हुदा शअरावी (१८७९–१९४७) यांच्या आठवणींत सापडते. मार्गो बद्रान यांनी इंग्रजीत आणलेल्या ‘हरेम इयर्स’ (१९८६) या ग्रंथाचा उल्लेख बहुधा १९२३ मधील एका प्रसंगासाठी होतो. रोममधील आंतरराष्ट्रीय स्त्रीमताधिकार परिषदेहून परतताना कैरोच्या रेल्वे स्थानकावर हुदा शअरावींनी चेहऱ्यावरील बुरखा दूर केला, तो हा प्रसंग. येथेही पुन्हा बुरखाच! परंतु पुस्तकात त्याहून महत्त्वाचा मजकूर आहे. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या नात्यातील पुरुषाशी लावून देण्यात आला. त्याच्या घरी आधीच एक दासी-पत्नी व मुले होती. मुलीच्या आईने विवाहाच्या कागदात अट घालून घेतली की तो अन्य स्त्रीशी संबंध ठेवणार नाही. सव्वा वर्षाच्या आत ती अट मोडल्याचे उघड झाले आणि त्या कागदाच्या बळावर हुदा माहेरी परतल्या. पुढील सुमारे सात वर्षे त्या विभक्त राहिल्या; वाचन, फ्रेंच भाषा, संगीत, मैत्री, सारे या वर्षांतले. अट मोडल्याचे कळल्यावर त्यांनी नोंदविलेली भावना मत्सराची नाही, सुटकेची आहे.

अमीन यांचा ग्रंथ निघाला तेव्हा हा कागद अस्तित्वात येऊन सात-एक वर्षे झाली होती. म्हणजे अमीन जी अट सुचवीत होते, ती एका जाणत्या आईने आधीच लिहवून घेतलेली होती. तिच्याकडे संपत्ती होती, घराण्याचे वजन होते. पुढे १९२३ मध्ये हुदा शअरावींनी स्थापन केलेल्या इजिप्शियन स्त्रीवादी संघाने मुलीचे विवाहाचे वय किमान सोळा असावे, ही मागणी त्याच वर्षी मान्य करून घेतली. विद्यापीठाची दारेही त्या दशकाच्या अखेरीस मुलींना उघडली. बहुपत्नीत्वावरील निर्बंधाची मागणी मात्र हुदांच्या हयातीत मान्य झाली नाही. स्वतःच्या आईने एका कागदावर जे मिळवून दिले, ते साऱ्या देशातील मुलींना कायद्याने मिळवून देणे त्यांनाही साधले नाही.

सौदी अरेबियात २४ जून २०१८ रोजी स्त्रियांना मोटार चालविण्याची मुभा मिळाली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी चाकामागे बसलेल्या स्त्रियांची छायाचित्रे छापली. तो हक्क मागणाऱ्या काही जणी त्यावेळी तुरुंगात होत्या. मार्च २०२२ मध्ये त्याच देशाने प्रथमच कौटुंबिक कायदा लेखी स्वरूपात आणला. स्त्रीच्या विवाहाचा करार तिच्या वतीने तिचा पुरुष पालक करील, हे त्यात कलम म्हणून लिहिले आहे. आपल्या भाषेतील अरब स्त्रीविषयक लेखन अमीन यांच्या ग्रंथाचा हवाला देत राहीलच. तो देताना निदान त्याचे शेवटचे प्रकरण उघडून पाहावे आणि त्याशेजारी मलक हिफ्नी नासिफ यांचा निबंध ठेवावा, एवढीच या अभ्यासकाची अपेक्षा आहे. मलक यांचा तो निबंध अद्याप मराठीत आल्याचे पाहण्यात नाही.