हिंसेचे व्याकरण : ‘ओन्ली गॉड फरगिव्ह्ज’च्या निमित्ताने

‘शैली आहे, पण आशय नाही’ असा अभिप्राय एखाद्या कलाकृतीविषयी दिला जातो, तेव्हा दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. शैली आणि आशय हे परस्परांपासून वेगळे काढता येणारे घटक आहेत ही एक. आणि त्यांपैकी एक हजर असताना दुसरा गैरहजर राहू शकतो ही दुसरी. निकोलस विंडिंग रेफ्न या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘ओन्ली गॉड फरगिव्ह्ज’ हा चित्रपट २०१३ साली कान महोत्सवात स्पर्धेसाठी दाखविला गेला, तेव्हा प्रेक्षागृहातील काहींनी हुर्यो केली, काहींनी टाळ्या वाजविल्या. त्याच वर्षी सिडनीच्या महोत्सवात त्याला मुख्य पारितोषिक मिळाले. निंदकांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : चित्रे सुंदर, पण आत काही नाही. स्तुतिपाठकांनीही बहुधा हेच म्हटले. फक्त त्यांना त्यात दोष दिसला नाही.

शैलीविज्ञानाच्या वर्गापुढे मी हा चित्रपट एकदा ठेवला होता. एक विद्यार्थिनी मध्येच उठून गेली. दुसरी शेवटपर्यंत बसली, आणि चर्चेच्या वेळी एवढेच म्हणाली, ‘सर, त्यातला लाल रंग माझ्या लक्षात राहिला, ती मेलेली मुलगी मात्र मला आठवावी लागली.’ मी त्या दिवशी चित्रपटाची बाजू घेतली व आशय शैलीतच असतो असे सांगून विषय संपविला. ते उत्तर चूक नव्हते. पण तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती होय.

प्रथम कथानक, कारण ‘आशय नाही’ हा आक्षेप त्यानेच अर्धा निकालात निघतो. बँकॉकमध्ये मुष्टियुद्धाच्या आखाड्याआड अमली पदार्थांचा धंदा करणारे दोन भाऊ आहेत. थोरला बिली एका अल्पवयीन वेश्येचा खून करतो. चांग नावाचा पोलीस अधिकारी मुलीच्या बापाला बिलीपुढे मोकळा सोडतो. बाप सूड घेतो. आणि मग मुलीला या व्यवसायात लोटल्याबद्दल चांग त्या बापाचा हात तोडतो. धाकटा ज्युलियन सूड घेण्यास राजी नाही, कारण भावाने काय केले हे त्याला ठाऊक आहे. इतक्यात आई येते आणि तिला सूड हवाच असतो. न्याय, मातृसत्ता, अपराधभाव आणि प्रायश्चित्त या चार गोष्टी येथे आहेत. ग्रीक शोकात्मिकेचा विषय याहून फार वेगळा नसतो.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त चित्रकाव्याचा विचार करताना हीच अडचण ओळखली होती. चित्रकाव्य हे खरे काव्य नव्हे, काव्याची नक्कल होय, असे तो म्हणतो. पण लगेच स्वतःच शंका उपस्थित करतो, की शेवटी कोणत्याही रसाशी ज्याचा संबंध पोचत नाही अशी वस्तू जगात आहे तरी कोणती? त्याचे समाधान मार्मिक आहे. वस्तूत रस नसतो म्हणून काव्य ‘चित्र’ होत नाही, तर कवीची रसाविषयी विवक्षा नसते आणि तो अलंकारच रचत बसतो म्हणून ते तसे होते. म्हणजे विचारावयाचा प्रश्न आशयाच्या अस्तित्वाचा नव्हे, विवक्षेचा आहे. आपल्याकडील कलावादी-जीवनवादी वादात हा भेद पुष्कळदा हरवला, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

परंतु विवक्षा कळावी कशी? दिग्दर्शकाच्या मुलाखतींवरून ती ठरविणे धोक्याचे आहे. ती रचनेतच दिसली पाहिजे. येथे भाषाशास्त्राचा थोडा उपयोग होतो. चित्रपटाला भाषेसारखी व्यवस्था नाही, हे ख्रिस्तियाँ मेत्झने १९६४ च्या निबंधात मांडलेले मत मला मान्य आहे. तरीही एक तत्त्व दोहोंकडे लागू पडते. प्राग मंडळातील त्रुबेत्स्कॉय व याकोबसन यांनी चिन्हित आणि अचिन्हित असा भेद केला. ‘या जंगलात वाघ आहेत’ या वाक्यात वाघिणीही येतात. ‘वाघीण’ हा शब्द मादीपणच सांगावयाचे असेल तेव्हा येतो. चिन्हिताला अर्थ येतो तो अचिन्हिताच्या पार्श्वभूमीवर. मराठीतील ‘च’ या अव्ययाचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘मी आजच घरी जाणार’ यात आघात कोठे आहे ते कळते. ‘मीच आजच घरीच जाणारच’ असे कोणी म्हणाला, तर तो संतापला आहे एवढेच कळते. कशावर, ते कळत नाही.

रेफ्नच्या या चित्रपटात जवळजवळ प्रत्येक दृश्याला ‘च’ लागलेला आहे. लाल प्रकाशात बुडालेले बोळ, भिंतीवरील नक्षीदार कागद, मोजून मापून समतोल साधलेली चौकट, संथ सरकणारा कॅमेरा, पुतळ्यांप्रमाणे थिजलेली माणसे. आपल्याला मधल्या छटा दिसत नाहीत, म्हणून आपण तीव्र विरोधी रंग वापरतो, असे रेफ्नने सांगितले आहे. हे कारण प्रामाणिक आहे, पण रंगांपुरते. मधल्या छटा येथे भावनेलाही नाहीत. ज्युलियन बोळातून चालत जातो तेव्हा आणि मुलीचे प्रेत खोलीत पडलेले असते तेव्हाही, दृश्याचा आघात एकच. प्रेत आणि भिंतीवरील नक्षी यांना एकच विभक्ती लागली, की वाक्यातील कर्ता कोण आणि कर्म कोण हे प्रेक्षकाने कशावरून ओळखावे? माझ्या विद्यार्थिनीला मुलगी ‘आठवावी लागली’, याचे कारण तिच्या असंवेदनशीलतेत नसून चित्रपटाच्या वाक्यरचनेत आहे.

याच दिग्दर्शकाच्या ‘ड्राइव्ह’ (२०११) या चित्रपटाशी तुलना केली असता मुद्दा स्पष्ट होईल. त्याबद्दल कानमध्ये त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्यातील हिंसा सौम्य नाही. लिफ्टमध्ये नायक, त्याची शेजारीण आयरीन आणि एक मारेकरी असे तिघे आहेत. प्रकाश मंदावतो, काळ लांबतो, नायक तिचे चुंबन घेतो; आणि दुसऱ्याच क्षणी मारेकऱ्याला खाली पाडून त्याचे डोके पायाखाली चिरडतो. आयरीन मागे सरकत बाहेर पडते. दार दोघांच्या मध्ये बंद होते. हे दृश्यही अतिशय अलंकृत आहे. पण त्यापूर्वी आपण दिवसाचा साधा उजेड, किराणा दुकान, लहान मुलासह केलेला मोटारीतला फेरफटका पाहिलेला आहे. अचिन्हिताची भाषा स्थिर झालेली असल्यामुळे लिफ्टमधील ‘च’ नेमका ऐकू येतो. शिवाय तेथे पाहणारे एक माणूस आहे. हिंसेचा अर्थ तिच्या चेहऱ्यावर उमटतो आणि तेथून आपल्यापर्यंत येतो. नायकाने तिला वाचविले व त्याच कृतीने गमावले, हे सांगावयास एकही शब्द लागत नाही.

अलंकृत हिंसा म्हणजे अनैतिक हिंसा, असा सरसकट नियम मला मान्य नाही, तो यामुळेच. झाक रिव्हेतने १९६१ मध्ये पोन्तेकोर्व्होच्या ‘कापो’वर लिहिताना एका दृश्यावर कडक टीका केली. छळछावणीतील स्त्री विजेच्या तारांवर अंग टाकून मरते, आणि कॅमेरा तिचे प्रेत चौकटीत नीट बसावे म्हणून पुढे सरकतो. एवढ्या हालचालीवरून त्याने दिग्दर्शकाला तिरस्कारार्ह ठरविले. निर्णय अतिरेकी असेल. पण कॅमेऱ्याची हालचाल ही नुसती तंत्राची बाब नाही, हे त्याने कायमचे दाखवून दिले.

‘ओन्ली गॉड फरगिव्ह्ज’वर अन्याय होऊ नये म्हणून त्यातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. एका रंजनगृहात चांग एका माणसाचा क्रमाक्रमाने छळ करतो. त्याआधी तेथील मुलींना डोळे मिटून घेण्यास आणि पुरुषांना नीट पाहण्यास फर्मावले जाते. नटून बसलेल्या त्या मुली मिटल्या डोळ्यांनी निश्चल, आणि समोर ते कृत्य. येथे मात्र चौकटीचे थिजलेपण अर्थपूर्ण होते. कोणी पाहावे, कोणाला न पाहण्याची मुभा असावी, आणि आपण प्रेक्षक या दोहोंपैकी कोणात मोडतो, हा प्रश्न रचनेनेच उपस्थित केला आहे. हे दृश्य पाहून ‘आत काही नाही’ असे म्हणणाऱ्याने चित्रपट पाहिला नाही, असेच म्हणावे लागेल. हातांचे सूत्रही असेच सार्थ आहे. आईच्या सांगण्याप्रमाणे ज्युलियनने आपल्या बापाला नुसत्या हातांनी मारलेले आहे. तो ते हात वारंवार न्याहाळतो, आणि शेवटी चांगच्या तलवारीपुढे दोन्ही पुढे करतो.

मग तक्रार कसली? तक्रार ही, की ही विवेकशक्ती ज्याच्यापाशी होती, त्याने ती अपराध्यांच्या वाट्याला दिली. ज्युलियनच्या हातांना व्याकरण आहे, आईच्या क्रौर्याला आहे, चांगच्या तलवारीला तर आहेच. ज्या मुलीच्या मरणापासून ही सारी साखळी सुरू झाली, तिला मात्र नाही. ती कारण म्हणून येते आणि रंग म्हणून राहते.

तलवार चालते, आणि लगेच चांग मंचावर उभा राहून गाऊ लागतो. समोर गणवेशातले पोलीस स्तब्ध ऐकत असतात. चित्रपट येथेच संपतो. वर्गात हे दृश्य मी पुन्हा लावले, तेव्हा मध्येच उठून गेलेली विद्यार्थिनीही आली होती. हे गाणे कोणासाठी आहे, असे तिने विचारले. पोलिसांसाठी, असे कोणीतरी म्हणाले. ज्युलियनसाठी, असे दुसरे कोणी म्हणाले. मुलीचे नाव कोणीच घेतले नाही.