तिसऱ्या सेनुस्रेतची मुद्रा

ईजिप्तच्या बाराव्या राजघराण्यांतील तिसरा सेनुस्रेत (इ. स. पू. १९ वें शतक) याच्या मूर्तींच्या चेहऱ्यावरून त्याचा स्वभाव ताडण्याचा प्रघात पडून गेला आहे. खोल गेलेले डोळे, जड पापण्या, नाकाशेजारच्या वळ्या व खालीं वळलेले ओठ पाहून, राज्यभारानें शिणलेला, एकाकी असा हा राजा होता, असा निर्णय कित्येक ग्रंथकार देतात. हा निर्णय आम्हांस घाईचा वाटतो.

त्यास पहिली हरकत त्या मूर्तीच घेतात. देर-एल्-बहरी येथें मेंटुहोतेपच्या देवळांत सांपडलेल्या व ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेल्या तीन उभ्या मूर्ती घ्या. तळहात वस्त्रावर सपाट टेकून राजा प्रार्थनेस उभा आहे. मुद्रा प्रौढाची, परंतु मानेखालीं छाती, बाहू व कंबर हीं ऐन तरुणाचीं. कारागिरास वार्धक्य जसेंच्या तसें उतरावयाचें असतें, तर त्याची छिनी गळ्यापाशींच कां थांबती? कान तर अवास्तव मोठे आहेत. प्रजेचें ऐकणारा राजा, असा त्यांचा अर्थ विद्वानांनीं सुचविला आहे व तो आम्हांस पटतो. मग कान तेवढे सांकेतिक आणि वळ्या मात्र खऱ्या, हा न्याय कोणता?

दुसरें असें कीं, त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या मूर्तींवरही हीच थकलेली मुद्रा दिसते. ते सर्वच चिंताग्रस्त होते असें कोणी म्हणणार नाहीं. राजाच्या सर्व मूर्तींत एकच चेहरा ओळखूं येतो, तेव्हां त्यांत त्याचें कांहीं साम्य असेलही. पण साम्य निराळें व स्वभावचित्र निराळें.

खुद्द राजाची साक्षही उपलब्ध आहे. नूबियांतील सेम्ना येथील त्याच्या १६ व्या राज्यवर्षाचा शिलालेख आतां बर्लिन येथें आहे. आपण सरहद्दीवर आपली मूर्ति उभारली ती पुढील वंशजांनीं तेथें ठाम राहून लढावें म्हणून, असें त्यांत तो सांगतो. म्हणजे मूर्तीकडे काम होतें, राखणदारीचें. (आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेप्रमाणें तिकडेही मूर्तीचें मुख उघडण्याचा विधि असे, हें येथें ध्यानांत घ्यावें.) पुढें दुसऱ्या रामसेसनें मध्य राज्यकाळांतील राजांच्या कित्येक मूर्तींवर आपलें नांव कोरून त्या आपल्या म्हणून उभ्या केल्या, चेहरा बदलण्याची गरज त्यास प्रत्येक वेळीं भासली नाहीं.